पुस्तकात येगळं हाय

माझ्या मामाच्या घरी कधी गेलात तर टीव्ही जपून लावा. बातम्या चालतील, क्रिकेट चालेल, कीर्तन तर फारच उत्तम. पण काळ्या आकाशात एखादं यान चाललंय, आत दिवे लुकलुकताहेत आणि घट्ट कपड्यांतली माणसं गंभीर चेहऱ्यानं बटणं दाबताहेत असं काही दिसलं, की लगेच चॅनेल बदलायचं. नाहीतर मामा आतून, हातातला भाकरीचा तुकडा तसाच धरून, दारात येऊन उभा राहणार आणि म्हणणार,

"पुस्तकात येगळं हाय."

ही नुसती सुरुवात. पुढचा पाऊण तास तुमचा नाही.

मामाचं वाशीमला कृषी केंद्र आहे, पाटणी चौकापासून थोडं आतल्या बाजूला. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. गावात त्याला कप्तान म्हणतात. फौजेशी त्याचा संबंध शून्य. कॉलेजात एनसीसीच्या पहिल्याच परेडला बुटानं टाच सोलली, तो परत गेला नाही. कप्तानकी आली ती 'स्टार ट्रेक'मधून. गंमत अशी की त्या मालिकेतला कॅप्टन कर्क मामाला स्वतःला विशेष पसंत नाही. "हा माणूस दुकानावर बसोला तं सहा महिन्यात बुडंन," हे त्याचं कर्कबद्दलचं मत. त्याचा जीव टोकदार कानांच्या स्पॉकवर. स्पॉक हसत नाही, चिडत नाही, आणि समोरच्यानं कितीही गळा काढला तरी हिशेब सोडत नाही. खरिपाच्या तोंडावर काउंटरमागे बसणाऱ्याला याहून मोठा आदर्श कुठला? प्रत्यक्षात मामा कोणाच्याही रडगाण्याला विरघळतो आणि दोन बॅगा उधार देऊन बसतो, तो भाग वेगळा. मामी स्पॉकला 'लांबकान्या' म्हणते. "यायचं एक अन् त्या लांबकान्याचं एक," ती कपाळाला हात लावते, "त्याले तरी पगार भेटत असंन."

काउंटरच्या मागे, बुरशीनाशकांच्या फळीवर, मामाची पुस्तकं असतात. त्यांना थायरमचा वास येतो. आजवर एकाही पुस्तकाला कसर लागलेली नाही, लागणारही नाही. फक्त वाचून झाल्यावर हात धुतल्याशिवाय पाटावर बसायचं नाही, असं मामीनं सक्त सांगून ठेवलंय.

मालिका पाहणारे लोक जगात चिक्कार. मालिकेवरून काढलेली पुस्तकं वाचणारे थोडे. आणि पुस्तक हेच खरं, मालिका ही त्याची घाईघाईत केलेली नक्कल, असं मानणारे त्याहून थोडे. पण जात ओळखीची आहे. सिनेमा सुटल्यावर थिएटरबाहेर गाण्यांची चोपडी विकत घेऊन तीच ट्रंकेत जपणारा काका आठवा. समोर टीव्हीवर सामना चालू असताना कानाला रेडिओ लावून बसणारे आजोबा आठवा. मामा त्यांच्याच गोत्रातला.

दोष लाईनचा. 'स्टार ट्रेक' अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात चालली, ७९ भाग झाले आणि बंद पडली. आपल्याकडे दूरदर्शनवर ती आली ऐंशीच्या दशकात, रविवारी सकाळी. मामा तेव्हा अकोल्याला, पंजाबराव कृषी विद्यापीठात. होस्टेलला एक टीव्ही, त्याच्यासमोर सगळं होस्टेल, आणि गच्चीवर ॲन्टेना फिरवायला आळीपाळीनं एकेक ज्युनियर. यानावर संकट यायचं, कर्क खुर्चीतून उठायचा, भोंगा वाजायचा, आणि लाईन जायची. वऱ्हाडात वीज जात नाही, लाईन जाते. ती आली तेव्हा पडद्यावर दुसराच कार्यक्रम असायचा. मामा सांगतो त्याप्रमाणे त्यानं शेवटासकट पाहिलेले भाग चार. बाकीच्या भागांत ती माणसं संकटात सापडली ती सापडलीच.

तशी ती काही वर्षं अडकून राहिली. मग एका औषध कंपनीच्या विक्रेता-मेळाव्याला मामा मुंबईला गेला. दुसऱ्या दिवशी सगळे विक्रेते राणीच्या बागेत गेले, मामा रस्ता चुकून फाउंटनच्या फुटपाथवर पोचला, आणि तिथं जुन्या पुस्तकांच्या थप्पीत त्याला लांबकान्या दिसला. लेखक जेम्स ब्लिश. मामानं वांग्यासारखी घासाघीस करून तीन पुस्तकं घेतली आणि परतीच्या गाडीत रात्रभर वाचली. सकाळी अकोल्याला उतरला तेव्हा, त्याच्याच शब्दांत, "एकोणीस संकटं सुटली होती."

ब्लिश हा लेखक लहान नव्हे. स्वतःच्या कादंबरीसाठी १९५९ सालचा ह्यूगो पुरस्कार त्याला मिळालेला. मालिका सुरू होऊन चार महिने होतात न होतात, तोच १९६७ च्या जानेवारीत त्याचं पहिलं पुस्तक आलं. भागांच्या गोष्टी करून लिहिलेलं. अशी बारा पुस्तकं झाली. बारावं पुरं व्हायच्या आत १९७५ साली तो वारला, ते त्याच्या बायकोनं पूर्ण केलं. आता मुद्द्याची गोष्ट अशी की ब्लिशनं बरेचसे भाग पाहिलेच नव्हते. त्याच्याकडे टपालानं संहिता यायच्या, त्यावरून तो लिहायचा. चित्रीकरणात संहिता बदलायची, ब्लिशच्या पुस्तकात जुनीच राहायची. म्हणून पुस्तकात वेगळं. लिहिणाऱ्यानं भाग पाहिले नाहीत, वाचणाऱ्यानंही पाहिले नाहीत. दोघांचं जमलं यात नवल नाही.

दोन वर्षांपूर्वी मी हौसेनं मामाच्या नव्या टीव्हीवर ती मालिका शोधून द्यायला बसलो. म्हटलं, मामा, आता लाईन जात नाही, कोणता भाग लावू? मामा म्हणाला, "'द अनरिअल मॅकॉय' लाव." सापडेना. "मग 'चार्लीज लॉ' लाव." तोही नाही. मामानं रिमोट तोंडाशी धरून वऱ्हाडी उच्चारात मॅकॉय म्हटलं, तेव्हा टीव्हीनं मॅकरोनी कशी करायची ते दाखवलं. शेवटी उलगडा झाला. ही नावं ब्लिशच्या पुस्तकातली. पडद्यावर पहिल्या भागाचं नाव 'द मॅन ट्रॅप' आणि दुसऱ्याचं 'चार्ली एक्स'. मामाला चाळीस वर्षं बारशाचंच नाव माहीत, आणि शाळेच्या दाखल्यावर भलतंच.

'मॅन ट्रॅप'मध्ये एक प्राणी आहे. तो आपल्या जातीतला शेवटचा, आणि त्याला जगायला मीठ लागतं. ते मिळेना म्हणून तो रूपं बदलून माणसांच्या अंगातलं मीठ शोषतो. माणसं मरतात, मग प्राण्यालाही मारावं लागतं. जगभरच्या लोकांना हा भाग भीतीदायक वाटतो. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. "कायले मारलं त्याले? अकोल्याच्या खारपाणपट्ट्यात आणून सोडाले पाहिजे होतं. त्याचं पोट भरलं असतं अन् आपली जमीन सुधारली असती." मग थोडं थांबून, "पुस्तकात वाचताना हे सुचलं नोयतं," असं त्यानं कबूल केलं. टीव्हीच्या बाजूनं त्यानं दिलेली ही एकुलती एक साक्ष.

पण मामाचा खरा वेद म्हणजे ब्लिशची १९७० सालची कादंबरी, 'स्पॉक मस्ट डाय!' ही कुठल्या भागावरून नाही, स्वतंत्र आहे. यानावर माणसाला इथून अदृश्य करून तिथं उमटवणारं यंत्र असतं. त्यात गडबड होते आणि एकाचे दोन स्पॉक बाहेर पडतात. दोघं सारखेच, दोघंही म्हणतात मीच खरा. आता ओळखायचा कसा? तर त्यातला एक प्रयोगशाळेत कोंडून घेतो. कारण तो आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा झालेला असतो, रेणूपर्यंत उलटा, त्यामुळे यानावरचं जेवण त्याला चालत नाही. त्याला उलट्या घडणीची अमिनो ॲसिडं लागतात, ती तो आत बसून तयार करत असतो.

हे वाचून मामाच्या अंगावर काटा आला असेल तर त्यात त्याचा काय दोष? तो रोज अमिनो ॲसिड विकतो. फवारणीच्या टॉनिकची बाटली, अर्धा लिटर, एक लिटर.

"कप्तान भाऊ, हे कायचं औषध हाय?" गिऱ्हाईक विचारतं.

"अमिनो ॲसिड."

"यानं काय होते?"

"पिकाले जोर येते," मामा म्हणतो, आणि मग त्याला राहवत नाही, "अन् माणूस खरा का बोगस, तेही समजते."

गिऱ्हाईक बाटली परत ठेवतं.

२०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर ओरड झाली. मामाच्या दुकानात रोज माणसं यायची. काही रागावलेली, काही नुसतीच येऊन बाकावर बसणारी. ती जास्त अवघड. तेव्हापासून मामानं एक व्रत घेतलंय. मृगाच्या आधी जो कोणी येईल त्याला तो ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवायला लावतो. सत्तरच्या वर कोंब आले तर पेरा, नाहीतर पेरू नका. हे कृषी खातंही सांगतं, पण कृषी खात्याच्या सांगण्यात स्पॉक नसतो. "दोन स्पॉक होते," मामा सुरू करतो, "दिसाले डिट्टो..." बाकावरचे लोक ही गोष्ट इतक्यांदा ऐकून चुकलेत की आता बोगस बियाण्याला आमच्याकडे काही जण सरळ 'दुसरा स्पॉक' म्हणतात. बियाणं कसं निघालं? दुसरा स्पॉक निघालं.

या पुस्तकांच्या धंद्याला एक जाच आहे, आणि मामाचं सगळ्यात मोठं दुःख तेच. मालिकेचे मालक पुस्तक काढायला परवानगी देतात, पण पुस्तकात घडलं ते खरं धरायला बांधलेले नसतात. लेखकानं दोनशे पानं राबायचं आणि शेवटी सगळं होतं तसं करून ठेवायचं. कर्क खुर्चीत, स्पॉकची भुवई वर, यान पुढच्या कामगिरीवर. पात्रांपैकी कोणी मरायचं नाही, कोणाचं लग्न व्हायचं नाही. आणि तरी कोणी धाडस केलंच, तर मालिका ढुंकून बघत नाही. 'स्पॉक मस्ट डाय!'च्या शेवटी क्लिंगॉन या शत्रुजमातीला हजार वर्षं अंतराळप्रवासाची बंदी होते. छान. पण १९७९ साली सिनेमा आला, त्यात सुरुवातीलाच क्लिंगॉनांची यानं आकाशात मोकळी फिरताहेत. मामा अजून विचारतो, "यायले जामीन कोनं देल्ला?"

"वहिवाट लेखकाची अन् सातबारा कंपनीचा," हे त्यानं या सगळ्या व्यवहाराचं काढलेलं सार. याहून नेमकं मी कुठं वाचलेलं नाही.

एकदाच न्याय झाला. मालिकेतल्या सुलूला आडनावच होतं, नाव नव्हतं. वोंडा मॅकइन्टायर या लेखिकेनं १९८१ च्या 'द एन्ट्रॉपी इफेक्ट' या कादंबरीत त्याला नाव दिलं, हिकारू. आणि १९९१ च्या सहाव्या सिनेमात सुलूनं पडद्यावर स्वतःच्या तोंडानं ते उच्चारलं. पुस्तकातलं नाव सिनेमात गेलं. ही गोष्ट मामा फेरफार मंजूर झाल्यासारखी सांगतो. "दहा वर्षं लागली. पन लागला." आणि मग आपसूक त्याच्या स्वतःच्या, मोठ्या भावाबरोबरच्या, अजून न लागलेल्या फेरफाराकडे विषय वळतो. तिथं मामी चहा आणते.

मामाला कोणी हलकं लेखलं तर तो सहसा उत्तर देत नाही. एका लग्नात मात्र देताना मी पाहिलं. एक निवृत्त प्राध्यापक पंगतीत शेजारी बसले होते. मामा काय वाचतो ते ऐकून त्यांनी जिलबीचा तुकडा मोडत म्हटलं, "म्हणजे दुसऱ्याच्या पात्रांवर लिहिलेलं? मग त्याला साहित्य कसं म्हणायचं?"

मामानं पाण्याचा घोट घेतला. "सर, सर्वसेन राजा कुठला?"

प्राध्यापकांना माहीत होतं. वाशीम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, आणि ती शाखा सुरू करणारा सर्वसेन, चौथ्या शतकातला. त्यानं प्राकृतात 'हरिविजय' नावाचं काव्य लिहिलं. ते आज हरवलंय, इतरांनी उतरून घेतलेले काही श्लोक तेवढे उरलेत.

"त्यात गोष्ट कोणाची? कृष्णाची. कृष्ण काय सर्वसेनानं काढला होता? पात्रं दुसऱ्याची, गोष्ट आधीचीच. अन् गोष्ट तरी कोणती? सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजातक आणला ती. म्हंजे दुसऱ्या लोकात स्वारी, तिथल्या सरकारशी भांडण, अन् वाण घेऊन परत. हे स्टार ट्रेक नाही तं काय हाय?"

प्राध्यापक हसले. पण मामाचा हुकमाचा पत्ता पुढे होता. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोका'त, रसाला अडत असेल तर कवीनं मूळ गोष्ट खुशाल बदलावी, असं सांगताना दाखले दिले ते कालिदासाचे, या सर्वसेनाच्या 'हरिविजया'चे आणि स्वतःच्या काव्याचे. मामानं हे मिराशींच्या वाकाटकांवरच्या पुस्तकाच्या नादानं शोधून ठेवलं होतं. तो पंगतीत अर्धवट उठून उभाच राहिला.

"म्हंजे पुस्तकात येगळं हाय, हे काश्मीरच्या माणसानं हजार वर्षांआधी मान्य केलं. अन् कोणाच्या पुस्तकात? वाशीमच्या!"

प्राध्यापक सज्जन होते. त्यांनी मामाला खाली बसवलं, त्याच्या पानात स्वतःच्या हातानं एक जिलबी वाढली आणि वर भरही घातली. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न होतं, ते याच वत्सगुल्मात. हे मामाला माहीत नव्हतं. त्याचा घास हातात राहिला. "आपल्या गावात लागलं? मग आपण वराकडचे का वधूकडचे?" दोघं तिथंच उष्ट्या हातानं तासभर बसले. वाढपी तीनदा येऊन गेले, शेवटी त्यांनी पत्रावळी उचलायचं बाजूच्या ओळीपासून सुरू केलं.

एवढं वाचणारा माणूस लिहीत नसेल हे शक्य नाही. आमच्या मराठीत वाहतूक उलट्या दिशेनं चालते. पुस्तकाची मालिका होते, फास्टर फेणेची झाली तशी. मालिकेवरून कादंबरी लिहायची असं मामानं ठरवलं ते १९९८ साली. त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. १ जुलैला अकोल्यातून फुटून वाशीम जिल्हा झाला, आणि दूरदर्शनवर केतन मेहतांची 'कॅप्टन व्योम' आली. मिलिंद सोमण अंतराळात फरारी कैदी धरत फिरायचा. मामाला दोन्ही एकाच योजनेतलं वाटलं. आपला जिल्हा, आपला कप्तान, मग कादंबरी आपणच लिहायची. यान उतरायला लोणारचा खड्डा तयारच आहे, तो शेजारच्या जिल्ह्यात असला म्हणून काय झालं. आणि शिरपूरच्या पार्श्वनाथाच्या नावातच अंतरिक्ष आहे, असं गाव साऱ्या राज्यात दुसरं दाखवा म्हणतो.

परवानगीचं काय, असं मी एकदा विचारलं. मामा म्हणाला, "कायची परवानगी? छापतो कोण?"

कादंबरी चोपडीतच आहे. दुकानाची उधारीची लाल चोपडी. डाव्या पानावर खातं, उजव्या पानावर कॅप्टन व्योम. आधी कागद वाचवायला म्हणून असं केलं. मग हळूहळू डावीकडची माणसं उजवीकडे सरकायला लागली. यानावर खलाशी तर हवेतच, आणि नावं समोरच लिहिलेली. आता रीतच पडलीय. उधार घेतलं की माणूस यानात बसतो, खातं चुकतं झालं की सुखरूप गावी परत. "या पुस्तकाचा नियमच तो हाय," मामा मला समजावतो, "शेवटी सगळं होतं तसं झालं पाहिजे." ज्यांनी काही वर्षं तोंड दाखवलं नाही असे दोघं-तिघं शनीच्या कड्यांत फिरताहेत, त्यांची नावं मामा सांगत नाही. वाईट वागवत नाही त्यांना, जेवणखाण वेळेवर असतं.

गेल्या दिवाळीत मी दुकानात बसलो होतो. सोयाबीन बाजारात येऊन पडलं होतं आणि भावाचं नाव काढायची सोय नव्हती. मालेगाव तालुक्यातले एक पाटील आले, रुमाल सोडून बाकावर बसले, पाणी प्यायले. मामानं चोपडी काढली. पाटलांनी डाव्या पानाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कप्तान भाऊ, मी कुठंसाक आलो?"

मामानं चष्मा लावला, उजवं पान चाळलं. "गुरूच्या चंद्रावर. सगळा बरफ. यानात बिघाड, हवा दोन दिवसाची उरली."

पाटील थोडा वेळ गप्प राहिले. "म्हंजे लय बिकट हाय."

"साडेआठ हजार हायत ना, पाटील."

पाटलांनी बंडीच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या, दोनदा मोजल्या, दोन हजार पुढे केले. मामानं डावीकडे जमा लिहिले. मग उजवीकडे पेन नेऊन बराच वेळ विचार केला, दोन ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या. हवा आता महिनाभर पुरणार होती, आणि बर्फाखाली गरम पाण्याचा झराही लागला होता.

"अन् खाली?"

"खाली बाकीचे साडेसहा आल्यावर."

पाटलांनी रुमाल झटकून डोक्याला बांधला आणि चपलांत पाय घातले.

"मग राहू द्या तिथंच," ते म्हणाले. "तूर निघाली की येतो खाली."